सहा कोंबड्या आणि एक संतप्त अर्जदार

१

खुराड्यात हात घातला की अंडं लागायचं, ही त्या घराची वर्षभराची सवय. त्या सकाळी हात घातला तर नुसता पेंढा लागला. सलग तिसाव्या दिवशी.

"चोरी! भरदिवसा, कुलपातली चोरी!" अर्जदार अंगणात ओरडले.

गल्लीत त्यांना सगळे अर्जदारच म्हणत. नोकरीत होते तोवर ते एका कचेरीत लोकांचे अर्ज स्वीकारायचे आणि निवृत्त झाल्यावर स्वतः करू लागले. गटाराचं झाकण वाजतं म्हणून अर्ज, शेजारच्या झाडाची पानं हद्द ओलांडतात म्हणून अर्ज. काही माणसं जेवणानंतर बडीशेप खातात, हे अर्ज लिहायचे. प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी फायलीत जायची आणि प्रत्येकाचा शेवट एकच असायचा : 'सबब, नम्र परंतु संतप्त विनंती.' एकाही अर्जाचं उत्तर कधी आलं नव्हतं. त्यांची तशी अपेक्षाही नव्हती.

आता ते पोलिसांसाठी अर्ज लिहायला बसले आणि मोठ्याने वाचू लागले, "घरी भांडी-झाडलोट करणाऱ्या बाईस वीस दिवसांपूर्वी कामावरून काढून खुराड्यास कुलूप लावले. किल्ली माझ्या चष्म्याच्या दोरीला बांधलेली असते. तरीही चोरी थांबलेली नाही. यावरून सदर बाई किती निर्ढावलेली आहे हे दिसून येते. सबब, नम्र परंतु संतप्त..."

चोर गेल्यावरही चोरी चालू राहिली, यावरून चोर निर्दोष असावा अशी शंका साध्या माणसाला आली असती. पण अर्जदार साधे नव्हते, संतप्त होते.

त्याच सकाळी त्यांची थोरली बहीण, आक्का, पाहुणी म्हणून आली. रिक्षातून उतरताना तिला फाटकासमोरच्या कट्ट्यावर एक बाई दिसली. पदर खोचलेला, हाताची घडी घातलेली आणि नजर सरळ घरावर. अकरा वर्षं याच घरात काम करणाऱ्या मावशी.

"अगं, इथं काय करतेस?"

"कामावर आलेय, आक्का."

"मग आत का नाही जात?"

"आत मी चोर आहे," मावशी म्हणाल्या. "बाहेर अजून ठरायचंय."

२

आक्काने बॅग कट्ट्यावर ठेवली आणि शेजारी बसली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती ती. दोन्ही टोकांचं ऐकायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिचं शिक्षण. या घरात असं शिक्षण झालेली ती एकटीच.

"रोज येतेस?"

"आठ ते दहा. माझी वेळच आहे ती. अकरा वर्षांत चुकवली नाही, आता का चुकवू? त्यांनी काम काढलं, वेळ नाही काढली." मावशींचा आवाज चढला. "अंडी गेली म्हणे! अहो, या घरातल्या बाईंच्या बांगड्या मी न्हाणीघरातून उचलून हातात दिल्यात. दोनदा! तेव्हा नाही झाले मी चोर. अंड्यावर झाले!"

"बाकीची घरं?"

"चारपैकी तीन घरांनी काढलं. चोर कोणी म्हणालं नाही, आपली चांगली माणसं आहेत. 'सध्या राहू दे' म्हणाली."

हे 'सध्या' मोठं सभ्य हत्यार आहे. त्याने माणूस मरतो आणि मारणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही.

"म्हणजे चौथं घर उरलं."

"तिथल्या आजींना ऐकू येत नाही, म्हणून उरलं. येत्या सोमवारी त्यांची सून राहायला येतेय. तिला ऐकू येतं."

त्या दिवशी बुधवार होता. आक्काने मनातल्या मनात बोटं मोजली.

"मला एक सांग. अंडी एकदम गेली की हळूहळू?"

"हेच मी साहेबांना सांगत होते! आधी रोज पाच-सहा. मग चार. मग दोन. मग एखादं, तेही एक दिवसाआड. आणि मग काहीच नाही. चोर असा हळूहळू वाढतो का हो? लाजत लाजत?"

"तो काय म्हणाला?"

"म्हणाले, चोर धूर्त आहे."

आक्का उठली. "सोमवारच्या आत तुझं नाव साफ करते. नाही झालं, तर मीही इथंच येऊन बसेन."

घरात शिरून तिने चप्पल काढली, पाणी प्यायली आणि वाकलेल्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चौकशी मी करणार. आधी घरातल्यांची. चोर बाहेर शोधायच्या आधी कपाटं उघडायची."

सगळ्यात आधी उघडली ती भाच्याची खोली. आणि पलंगाखालच्या डब्यात अंड्यांची टरफलं निघाली.

३

भाच्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्याने कधी खेळली नव्हती, पण आरशासमोर बराच वेळ जायचा.

"आत्या, शप्पथ सांगतो, ती आपली नाहीत!"

"मग टरफलं लपवून का ठेवलीस?"

"बाबांना कळू नये म्हणून." त्याने भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "मागच्या बेकरीतून आणतो. बाबांचं आणि बेकरीवाल्याचं वाकडं आहे ना. तिथलं बिस्किटसुद्धा या घरात चालत नाही. ते म्हणतात, बेकरीवालाच मावशीला फितवून अंडी पळवतो, केकसाठी."

आक्काने एक टरफल उजेडात धरलं. पांढरंशुभ्र. या घरच्या कोंबड्या तपकिरी अंडी द्यायच्या. पैलवान सुटला. सुटताना त्याने दंडही फुगवून दाखवला, ज्याची गरज नव्हती.

पुढची पाळी वहिनींची. त्या ओट्याशी कणीक मळत होत्या आणि चौकशीचा विषय निघताच तिला जरा जास्तच बडवू लागल्या.

"वन्सं, मला त्या बाया नकोतच! माझी कोथिंबीर उकरून ठेवतात. पण मला चोरायचंच असतं तर अंडी कशाला, कोंबड्याच नसत्या का पोचवल्या कुठे?"

"खायला काय घालता?"

"वर्षभर घालते तेच. दुकानातलं खाद्य, वरून भाजीचे देठ, शिंपल्यांचा चुरा. पाणी दोनदा बदलते. मावशींना काढल्यापासून खुराडंही मीच झाडते." त्यांनी कणकेला आणखी एक गुद्दा घातला. "तुमच्या भावाने एका वाक्यात त्या बाईला काढलं, वन्सं. मी मध्ये बोलले तर म्हणाले, तू त्यांना सामील आहेस का? तेहतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"त्या दिवसापासून यांच्या चहात साखर नाही. अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. एवढं लक्ष असतं त्यांचं!"

आक्का हसली. वहिनींनी सुस्कारा सोडला. "एक मात्र बरं झालं यंदा. गेल्या हिवाळ्यात त्या मेल्या पहाटे चारलाच कलकलाट सुरू करायच्या. यंदा साडेसहापर्यंत कशा गप्प. हेही दोन महिने घोरताहेत नुसते. आधी झोप नाही, झोप नाही म्हणून डोकं खायचे."

आक्काचा पेला ओठांपाशी थांबला. "चारला? रोज?"

"घड्याळ लावून घ्यावं असं."

आक्का अंगणात आली आणि भावापुढे हात पसरला.

"किल्ली दे."

"पुरावा हलवायचा नाही, आक्का!"

"पुराव्याला पिसं आहेत, बाळा. तो आपोआप हलतो. दे."

कुलूप उघडून तिने एक कोंबडी काखेत धरली, तिच्या शेपटीखाली बोट लावलं आणि दोन मिनिटांत मान वर केली.

"तुझं एकही अंडं चोरीला गेलेलं नाही."

४

आक्काने भावाला जवळ बोलावलं.

"इकडे ये, हात लावून बघ. क्वार्टरच्या मागे दहा वर्षं पाळल्यात मी कोंबड्या. इथं ही दोन टोकदार हाडं लागतात ना? अंडी देणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात. इथं एक बोट शिरत नाही. तुरा बघ, फिका आणि आक्रसलेला. सहाही जणी तशाच. या कोंबड्यांनी कित्येक आठवडे अंडंच घातलेलं नाही. जे घातलंच नाही, ते मावशी चोरणार कुठून?"

अर्जदारांनी क्षणभर विचार केला. राग एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायला माणसाला तेवढाच वेळ लागतो.

"म्हणजे या काम चुकवताहेत!" ते कोंबड्यांवर कडाडले. "खाऊनपिऊन!"

त्यातल्या सर्वांत जाड कोंबडीने त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि पाठ फिरवली.

"आजारी आहेत का?" वहिनींनी दारातून विचारलं.

"नाही. डोळे स्वच्छ, खाणं चोख. पंखांखाली उवा-पिसवा नाहीत. पिसं झडत असती तर समजलं असतं, त्या दिवसांत कोंबडी अंडी बंद करते. पण अंगणात पीस नाही. म्हाताऱ्या म्हणाव्या तर वय पावणेदोन वर्षं, ऐन उमेद. एखादी खुडूक होऊन अंड्यांवर बसून राहते, सहाच्या सहा नाही. दुसरीकडे घालत असत्या, तर हाडं अशी मिटली नसती. रात्री साप-मुंगूस येऊन घाबरवतं का, ते तेवढं बघू."

तिने चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरली. गुरुवारी सकाळी राखेवर चिमणीचीसुद्धा पावलं नव्हती. फक्त अर्जदारांच्या चपलांचे ठसे होते. ते गुन्हेगाराचे ठसे बघायला गेले होते.

"आता एकच कारण राहिलं," आक्का म्हणाली. "उजेड. कोंबडीला अंडं तयार करायला दिवसाचा चौदा तास तरी उजेड लागतो. हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा. उजेड कमी झाला, की तिचं शरीर म्हणतं, आता रजा."

"चूक!" अर्जदारांना बऱ्याच दिवसांनी मुद्दा सापडला होता. "गेल्या वर्षीही हिवाळा होता. तेव्हाही दिवस लहानच होता. आणि तेव्हा टोपलीभर अंडी होती! गल्लीत वाटली मी!"

"अगदी बरोबर," आक्का म्हणाली. "उभ्या आयुष्यात एवढा कामाचा मुद्दा तू प्रथमच काढलास. मग सांग, गेल्या हिवाळ्यात यांना पहाटे चारला कोण उठवत होतं?"

आक्का खुराड्याच्या जाळीसमोर जाऊन उकिडवी बसली. कोंबडीला जे दिसतं ते तिला बघायचं होतं. समोर मागच्या बेकरीची उंच, जुनी, काजळलेली भिंत होती. आणि त्या भिंतीत, बरोबर जाळीसमोर, दाराएवढा एक चौकोन नव्या सिमेंटचा होता.

"इथं काय होतं?"

वहिनींनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

५

बेकरीत पाय ठेवताच आक्काच्या चष्म्यावर वाफ धरली. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते आणि आत बेकरीवाला बनियनवर घामाने निथळत होता.

"खिडकी होती तिथं, आक्का. वीस वर्षं होती. पीठ मळायच्या परातीवर मोठा दिवा आहे माझा. पहाटे चारला लावतो. खिडकीतून वारा यायचा, भट्टीची धग बाहेर जायची. आता बघा, मी पाव भाजतो की पाव मला भाजतो तेच कळत नाही."

"उजेड आमच्या अंगणात पडायचा?"

"अख्खा! खुराड्यावर. तुमच्या कोंबड्या माझ्याबरोबरच उठायच्या. मी मळायचो, त्या कलकलायच्या. सोबत होती हो." मग त्याला आठवलं की आपण रागावलेले आहोत. "आणि वर मीच अंडीचोर! रोज मोठाले ट्रे उतरतात माझ्याकडे. मी सहा अंड्यांसाठी भिंत चढू? हे पोट बघा. भिंत चढेल हे?"

आक्काने पोट पाहिलं. ते निर्दोष होतं.

"खिडकी बुजवली कोणी?"

"कचेरीची नोटीस आली. अडीच महिन्यांपूर्वी. आठ दिवसांत बुजवा, नाहीतर दुकानाला टाळं. कोणाची तक्रार, विचारलं. म्हणाले, नाव गुप्त असतं. तीन वर्षांपूर्वीचा कागद आहे, आता वर आला. कचेरी दुसरीकडे हलवताना कपाटामागे सापडला म्हणे."

मैद्याच्या डब्यातून त्याने नोटीस काढली. आक्काने पीठ झटकलं आणि वाचायला सुरुवात केली. नाव खरोखरच गुप्त ठेवलं होतं. कचेरीने तक्रारदाराचं नाव काळजीपूर्वक खोडलं होतं, आणि मग आळसाने त्याचा अख्खा मजकूर जसाच्या तसा नोटिशीत उतरवला होता. 'सदर खिडकीतून पहाटे चारपासून पडणाऱ्या उजेडामुळे शयनगृहातील ज्येष्ठ नागरिकाच्या झोपेचे अतोनात नुकसान होत असून...'

आक्काची नजर खाली सरकत शेवटच्या ओळीवर आली. तिने कागदाची घडी घातली.

"कळलं का कोण ते?" बेकरीवाल्याने विचारलं.

"लहानपणापासून ओळखते त्याला," आक्का म्हणाली. "शनिवारी सकाळी आमच्या अंगणात ये. बनियनवर शर्ट घालून ये."

६

शनिवारी आठ वाजता अंगणात सगळे होते. मावशी मात्र आत येईनात. म्हणून आक्काने फाटकच सताड उघडलं आणि कट्ट्यावरून ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागली. आवाज तिचा एक्स्चेंजचा होता, अडचण आली नाही.

"चोरी झालेली आहे. अंड्यांची नाही, उजेडाची. अडीच महिन्यांपूर्वी या कोंबड्यांची पहाट कोणीतरी विटा लावून बंद केली. त्यानंतर अंडी एकेक करून कमी होत गेली, जसं मावशी पहिल्या दिवसापासून सांगतेय आणि कोणी ऐकत नाहीये. आता हा चोर कोण, ते त्याच्या तोंडून ऐका." तिने नोटीस उघडली. "'सबब, नम्र परंतु संतप्त विनंती.'"

पैलवानाने वडिलांकडे पाहिलं, वहिनींनी पाहिलं, बेकरीवाल्याने पाहिलं. जाड कोंबडीनेही पाहिलं, दुसऱ्या डोळ्याने.

"शक्य नाही," अर्जदार पुटपुटले आणि फाईल आणायला धावले. कार्बन कॉपी निघाली. तीन वर्षांपूर्वीची, कोंबड्या घरात यायच्या कितीतरी आधीची. ती दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले आणि मग अंतःकरणापासून संतापले.

"पण हे असं अमलात आणायचं नसतं! मी आयुष्यभर अर्ज घेतले, एकावरही काही केलं नाही! मी फक्त लिहितो! मला न विचारता यांनी अंमलबजावणी केलीच कशी?"

"आणि खिडकी बुजली तेव्हा काय वाटलं तुला?"

"वाटलं... याला आपणहून अक्कल आली."

बेकरीवाला शर्टाच्या बाह्या वर करू लागला. आक्काने त्याला नजरेनेच थांबवलं.

"तू झोपेसाठी उजेड घालवलास. त्याने अंडी गेली. अंडी गेली म्हणून एका बाईचं नाव घालवलंस, आणि दोन महिने ढाराढूर झोपलास. आता ती काय म्हणते ते ऐक."

मावशी उठल्या. कट्ट्यावरून फाटकापर्यंत आल्या, पण उंबरठ्याच्या बाहेरच थांबल्या.

"मावशी, चूक झाली," अर्जदार म्हणाले. "सोमवारपासून या."

"असं नाही, साहेब. तोंडी नाही चालत. तुम्हीच म्हणता ना नेहमी? अर्ज करा."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

अर्जदार टेबलापाशी बसले. पाऊण तास लागला. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच अर्ज, ज्यात दोष अर्जदाराचा होता. लिहून झाल्यावर मावशींनी तो मोठ्याने वाचायला लावला. 'अंडी चोरीस गेली नव्हती. बाईंवरील आरोप माझा होता व तो खोटा होता. सबब, नम्र परंतु संतप्त...'

"थांबा. संतप्त मी आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्ही नुसते नम्र. खोडा ते."

त्यांनी खोडलं.

"आता चला. चारी घरी वाचून दाखवायचाय."

गल्लीने ते दृश्य पाहिलं. पुढे मावशी, मागे कागद घेतलेले अर्जदार, त्यांच्या मागे साक्षीला आक्का. तीन दारांत त्यांनी एकेकदा वाचला. चौथ्या दारात आजींना ऐकू येत नसल्यामुळे तीनदा वाचावा लागला, शेवटी ओरडून, त्यामुळे पहिल्या तीन दारांनाही पुन्हा ऐकू गेला. आजी एवढंच म्हणाल्या, "मला काय सांगतोस? मी कधी काढलं होतं तिला?"

तिन्ही घरांनी मावशींना परत बोलावलं. दोन घरी त्या गेल्या. तिसऱ्या घराला म्हणाल्या, "सध्या राहू द्या."

अर्जदारांचा अर्ज त्यांनी घडी घालून पिशवीत टाकला. "विचार करते," म्हणाल्या. विचार त्यांनी आठ दिवस केला आणि ते आठ दिवस अर्जदारांनी भांडी घासली.

राहिली खिडकी. ती पुन्हा उघडायला कचेरीची परवानगी हवी, म्हणून अर्जदारांनी अर्ज दिला. तो विचाराधीन आहे. तोवर खुराड्यात एक दिवा टांगला. आक्काने जाताना बजावलं, संध्याकाळी नाही, पहाटेच लावायचा, संध्याकाळी अचानक विझला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढायच्या राहतात. आणि एकदम नाही, दर आठवड्याला तासभर अलीकडे आणत चारवर न्यायचा. पैलवान म्हणाला, आपोआप लागणारं बटण बाजारात मिळतं. आक्का म्हणाली, मिळत असेल, या घरात ते येणार नाही.

त्यामुळे अर्जदार हल्ली पहाटे चारला उठतात. दिवा लावतात. कोंबड्या कलकलतात, भिंतीपलीकडून बेकरीवाला परात वाजवून राम राम करतो, आणि नंतर झोप काही लागत नाही. याबद्दल कोणाकडे अर्ज करावा, ते त्यांना अजून सुचलेलं नाही.

सहाव्या आठवड्यात, सकाळी सव्वाआठला, मावशींनी खुराड्यात हात घातला. कुलूप कधीच निघालं होतं. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक तपकिरी अंडं होतं, लहानसं, अजून गरम.

त्या घरात गेल्या नाहीत. फाटक उघडून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, अंडं डोक्याच्या वर धरलं आणि सगळ्या दारांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"या, बघून घ्या सगळ्यांनी! सापडला चोरीचा माल. कोंबडीकडे होता!"